केळीच्या बनातलं हसू

नाही हो बुदे, कोणी मेलंबिलं नाही, चोर नाही, साप तर मुळीच नाही — तो झारा आधी खाली ठेवा ना, तेल टपकतंय त्याचं — आणि या, आत या, मी धडधाकट आहे, हे बघा, दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. किंचाळले मीच. तीनदा म्हणता? दोनदाच हो — नाही, थांबा, तुम्ही खिडकीतून डोकावलात तेव्हाही, हां, मग तीनदा. पण ती तिसरी तुमच्या नावावर! बसा ना, खुर्चीवर नको, तिचा एक पाय लुळा आहे, इकडे पलंगावर बसा. केळी तळायला घेतली होतीत ना? वास आला मगाशी भिंतीवरून. गॅस बंद करून आलात? नक्की? नाही, तुमच्यावर अविश्वास नाही, मला आपली सवय आहे, मी गॅस बंद केला की त्याचा फोटो काढून ठेवते, म्हणजे बाहेर गेल्यावर बघता येतो. हसू नका — नाही, हसा, हसा हो! तुम्ही हसलात तर माझं भलंच आहे — जाऊ दे, त्या विषयावर मी येतेच आहे, सरळ येण्याची हिंमत नाही म्हणून वळसा घालून येतेय.

तर किंकाळी. तुम्हांला काय वाटतं, बुदे, मी दिवसभर घरात बसून करते काय? खरं सांगा. बु हर्योनोंना वाटतं मी कॉलेजच्या पोरांना निबंध लिहून देते. त्यांचे यजमान पाक हर्योनो तर गल्लीचे प्रमुख, त्यांनी माझ्या नावापुढे ‘कॉम्प्युटर दुरुस्ती’ असं लिहूनच टाकलंय, आणि तेव्हापासून लोक माझ्या दाराशी मोडके प्रिंटर आणून ठेवतात. गेल्या आठवड्यात कोणीतरी इस्त्री ठेवून गेलं. मी ती दुरुस्त केली, बुदे! यूट्यूबवर बघून! नाही कशी म्हणणार, माणूस बिचारा ठेवून पळालाच. पण मी गेम बनवते. खेळ. तुम्ही मोबाइलवर रंगीत गोट्या फोडता ना, तसा — तसा नाही, भुताचा. एक मुलगी आहे, संध्याकाळची घरी निघालीय, वीज गेलीय, आणि वाटेत केळीचं बन आहे. बस, एवढंच. तिनं घरी पोचायचं. आणि बनात ती आहे. ती हो — नाव घेत नाही मी, दिवस कलायला आलाय — पांढरा झगा, केस गुडघ्यापर्यंत, ती. कुंतिलानाक — घेतलं नाव! अस्तगफिरुल्लाह. तुम्ही अशा भुवया वर करून बघता आणि माझ्या तोंडून निघून जातं.

आता तुम्ही म्हणाल, अगं हेस्ती, तू पाल दिसली की स्टुलावर चढतेस, तू कसला भुताचा खेळ बनवतेस? तर सांगते. कोंबडी लावून बनवते. म्हणजे असं, चित्रं काढतो गालिह, माझा जोडीदार — कामातला! कामातला जोडीदार, सुराबायाला असतो, तुम्ही लगेच असं हसू नका — त्यानं मागे ती बाई काढून पाठवली आणि मी पाहिली, आणि मग दोन दिवस मी न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आंघोळ केली. तेव्हा मी काय केलं, तिच्या जागी कोंबडी उभी केली. आमच्या धंद्यात चालतं तसं, खरं चित्र तयार नसलं की तोवर काहीही उभं करून काम रेटायचं, कोणी खोका ठेवतं, कोणी डबा. आमचं चित्र तयार होतं तरी मी कोंबडी ठेवली. चांगली गुबगुबीत, तांबूस. इतके महिने माझ्या केळीच्या बनात अंधारातून मान हलवत हलवत कोंबडी मागे लागायची, आणि मी चहा पीत पीत भुताचं सगळं काम करायचे — ती कुठून येणार, कधी थांबणार, मानेमागे किती जवळ उभी राहणार — आणि आज दुपारी त्या गालिहनं मला न सांगता, न विचारता, कोंबडी काढली! मी आपली कानाला हेडफोन लावून, निर्धास्त, मागे वळले, कोंबडीला बघायला — ती पहिली. मग वाटलं, भास झाला असेल, पुन्हा वळले. ती दुसरी.

नाही, चूक त्याची नाही. काढायलाच हवी होती. आज जातोय ना खेळ! म्हणजे पूर्ण नाही, नमुना, पहिला तुकडा — डेन्मार्कमधली एक कंपनी आहे, ती मोठ्या प्रदर्शनात नवे खेळ मांडते, जगभरचे लोक येऊन खेळून बघतात. आमचं नाव यादीत आहे. त्यांची दुपार म्हणजे आपली संध्याकाळची मगरिब, तोवर पाठवायचा. नाही पाठवला तर काय? तर काही नाही. तर संपलं. गालिहचा मामा त्याला फरशांच्या दुकानात बसवायला टपलाच आहे, आणि मी जाईन ब्लितारला परत, आईनं तिथल्या दूध संघाच्या कचेरीत माझी जागा बोलून ठेवलीय. आईला वाटतं हा पोरखेळ आहे. आईला तर असंही वाटतं की माझ्याबरोबर इथे दोन मैत्रिणी राहतात — नाहीत हो, मला माहीत आहे नाहीत, तुम्हांलाही माहीत आहे, भिंत एक आहे आपली — पण एकटी राहते म्हटलं असतं तर पाठवलं असतं का तिनं? त्यांना नावंही दिलीत मी. एकीचं तर परवा लग्न ठरलं. आईनं बांगड्या पाठवल्यात तिच्यासाठी! — हे तुम्ही कोणाला सांगायचं नाही. बु हर्योनोंना तर नाहीच.

काय अडलंय? अडलंय ते — येते, येतेच तिकडे. आधी मला एक सांगा. ती जी आहे, तिचं हसणं मोठ्यानं ऐकू आलं तर ती कुठे असते? — लांब! बरोबर. आणि अगदी बारीक, ऐकू येईल न येईल असं आलं तर? — बघा! तुम्हीसुद्धा मागे वळून बघितलंत! आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे हे, हसू मोठं तर ती लांब, हसू बारीक तर ती कानाशी. पण कॉम्प्युटरला कुठे ठाऊक? त्याचं सरळसोट गणित, जवळचा आवाज मोठा, लांबचा लहान. मी ते गणित उलटं केलं. पहिल्या महिन्यातच केलं, आणि इतकी खूश झाले की त्या दिवशी स्वतःला आइस्क्रीम आणलं. आणि गेल्या आठवड्यात त्या कंपनीतला एस्किल म्हणून आहे, तो खेळून बघणारा, त्यानं लाल अक्षरांत लिहून पाठवलं — आवाज उलटा बसलाय, दुरुस्त करा. दुरुस्त! मी त्याला लिहिलं, दादा, हा दोष नाही, ही तिची रीत आहे. तर तो म्हणतो, खेळणाऱ्याला रीत कळत नसेल तर तो दोषच. आणि बुदे, काय सांगू, मला इतका राग आला, इतका राग आला, कारण तो बरोबर बोलत होता.

गालिह सरळमार्गी माणूस. त्यानं गुपचूप सुलटं करून टाकलं. झालं! खेळाची सगळी रयाच गेली. हसू वाढलं की पळा, कमी झालं की थांबा, पुन्हा वाढलं की पुन्हा पळा — भूत कसलं, रेल्वे फाटकाची घंटा झाली नुसती. मी पुन्हा उलटं केलं. त्यानं पुन्हा सुलटं केलं. आम्ही दोघं एकमेकांना काही न बोलता पाच दिवस हेच करत होतो. मग मी सुरुवातीलाच एक म्हातारा बसवून पाहिला, पानाचा तोबरा भरलेला, तो पोरीला सांगतो — ‘पोरी, हसू बारीक झालं की समज ती आली.’ पण असं बजावून सांगितल्यावर भीती वाटते का कोणाला? औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं. म्हातारा काढला. चांगला होता हो बिचारा.

आणि मग काल संध्याकाळी, वीज गेली ना, मी इथेच, तुम्ही बसलात तिथेच, पाय वर घेऊन बसले होते आणि विचार करत होते, मला नक्की कधी भीती वाटते? अंधार झाल्या झाल्या नाही वाटत. का नाही वाटत? कारण तेव्हा भिंतीपलीकडून हसू येत असतं. एखाद्या बाईचं. एखाद्या शेजारणीचं — म्हणजे उदाहरण म्हणून सांगतेय, कोणत्याही शेजारणीचं — ती फोनवर बहिणीशी बोलत असते, आणि मध्येच असं हसते, मोठ्यानं, पोटातून, मडकं फुटल्यासारखं, आणि ते ऐकलं की माझा जीव भांड्यात पडतो. वाटतं, आहे, माणूस आहे पलीकडे, जग चालू आहे. आणि मग ते कमी होत होत थांबतं, आणि तेव्हा — तेव्हा माझ्या काळजाचं पाणी होतं. कळलं तुम्हांला? सांगावं लागत नाही! डेन्मार्कच्या माणसालाही सांगावं लागणार नाही! लांबून एक छान, भरलेलं, जिवंत हसू आलं की पोरगी आपल्या पायांनी त्याच्या दिशेनं चालू लागेल, वाटेल घरं आली, माणसं आली, आणि ती चालेल तसं हसू बारीक होत जाईल, आणि तिला वाटेल मी लांब चालले की काय, म्हणून ती आणखी पुढे — आणि मग कानाशी. बघा, माझ्याच अंगावर काटा आला. बघा ना!

म्हणजे हसू भुताचं नकोच होतं. आम्ही आणलेली सगळी हसणी भुताची, विकत मिळतात तसली, हीहीही आणि हाहाहा. मी स्वतः हसून पाहिलं, कपाटात शिरून, गोधडीत तोंड घालून — उचकी लागल्यासारखं येतं. गालिहनं त्याच्या मामीला हसायला लावलं, ती रडायलाच लागली, तिला काहीतरी जुनं आठवलं. आणि आज सकाळी मी मागच्या भिंतीपाशी फोन धरून उभी होते, तुमच्या अंगणातल्या कोंबडीच्या पिल्लांची चिवचिव टिपायला — खेळात पिल्लंही लागतात मला, ती आली की चिवचिवतात ना — आणि तेवढ्यात भाजीवाला आला, आणि म्हणाला काकड्या आजच्याच आहेत, आणि तुम्ही म्हणालात, ‘आजच्याच? कुठल्या महिन्यातल्या आजच्या?’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर —

हो.

तुमचं. तुमचंच आहे, बुदे. शेजारीण म्हणजे तुम्हीच, आणखी कोण असणार, दुसऱ्या बाजूला तर गटार आहे. मी मुद्दाम नव्हतं टिपलं, देवाशपथ, पिल्लांसाठी धरला होता फोन. मग घरात येऊन नुसतं बसवून पाहिलं, नुसतं बघायला, काढूनच टाकणार होते. हेडफोन लावले, बनात शिरले — कोंबडी होती तेव्हा अजून, तरी — कोंबडी असूनही, बुदे, माझी बोबडी वळली! मी आनंदानं नाचले इथे. ते स्टूल पडलंय ना तिथे, ते तेव्हाचं. आणि तसंच पाठवलं एस्किलला. त्याची सकाळ होत होती, कॉफी पीत बसला होता म्हणे, आणि आपल्याकडे दोन वाजता त्याचं उत्तर आलं. ‘कॉफी शर्टावर. आवाजाला कोणी हात लावू नका. ही बाई कोण?’

ही बाई कोण! आणि खाली लिहिलं होतं की त्या बाईनं स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या तोंडानं हो म्हटलेलं हवं, नाव सांगून. ते खेळाबरोबर आलं नाही तर तिचा आवाज वापरता येणार नाही. म्हणजे एवढंच अडलंय. तुमचं हो. आणि मी दोनपासून इथे बसून आहे. तुमचं दार तिथे, माझं दार इथे, आणि मला जाववत नाही. गालिह फोनवर ओरडतोय, ‘जा ना, विचार ना, खाणार आहे का ती तुला?’ पण काय विचारू? बुदे, तुमचं हसणं इतकं गोड आहे की मी ते हडळीला दिलंय? सगळी गल्ली तुम्हांला बुदे म्हणते, कोणाच्याच आईची थोरली बहीण नसताना, इतका तुमचा मान, कुराणपठणाला बायका तुमच्या शेजारची जागा धरून बसतात — आणि त्यात परवाचं ते, बैठकीतलं. बु हर्योनोंनी तुम्हांला सगळ्यांसमोर म्हटलं ना, ‘मुर्तिनी, हसताना जरा ओढणी धर तोंडावर, पार मशिदीपर्यंत जातं.’ मी आत चहा ओतत होते, ऐकलं मी. तेव्हापासून तुम्ही ओढणीत हसता. मला कळतं हो, भिंतीतून कळतं. आणि वर त्या सगळ्यांनी तुम्ही गेल्यावर तुमची नक्कल करून —

तुम्हांला माहीत नव्हतं.

अरे देवा. तुम्ही भाताचे डबे पोचवायला गेला होतात. अस्तगफिरुल्लाह, माझी जीभ — ऐका, ऐका, उठू नका, पूर्ण ऐका! एकीलाही जमलं नाही, बुदे! एकीलाही! एकीमागून एक उठून करून बघत होत्या, बु हर्योनोंची तर कुकरची शिट्टी निघाली नुसती, आणि शेवटी त्या स्वतःच म्हणाल्या, ‘छे, ते तिलाच यावं.’ शप्पथ. बरं, मी काढते. आत्ता काढते, तुमच्यासमोर. हे बघा, एक कळ दाबली की गेलं, दुसरं काहीतरी लावते, मामीचं रडणं लावते. नाही जाणार खेळ, दूध संघ काय वाईट आहे, ताक मिळतं फुकट — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, मला रागावलेलं चालतं, गप्प बसलेलं नाही चालत, मला गप्प माणसांची फार —

काय? ऐकायचंय? आधी ऐकू द्या म्हणता? हो! हो हो, घ्या, ओढणीवरूनच लावा हेडफोन, असे, कान झाकू देत. हे हातात धरा. हा दांडा अंगठ्यानं पुढे लोटला की मुलगी चालते. हळू — ते झाड आहे, बुदे, त्याला ‘सरक’ म्हणून ते सरकणार नाही, तुम्हीच वळा. उजवीकडे. तुमचा उजवा! हां, ही वाट. मी बघत नाही, मी उशी घेते, तुम्ही मला सांगत राहा. आलं का? लांबून आलं ना? ओळखलंत? ...जा, जा तिकडे, सगळे तिकडेच जातात. बारीक होतंय ना? बुदे? बोला ना काहीतरी. वळू नका म्हणते मी, वळू नका — वळलात? दिसली?

‘केस विंचरत जा म्हणावं’? एवढंच? अहो, एस्किलनं कॉफी सांडली!

काय म्हणता? हे तुमचं नाही? तुमचंच आहे, सकाळचं, काकडीचं, हवं तर — अर्धं? अर्धं म्हणजे कसं अर्धं? ...ओढणीत दाबलेलं. हो. हो, खरंच की, शेवटी असं फस्स होऊन — मला वाटलं वारा आहे. म्हणजे हे तुमचं निम्मंच आणि त्या माणसाचा शर्ट — बुदे! म्हणजे तुम्ही — असं अर्धवट नको पाठवूस म्हणताय, की मुळीच नको म्हणताय? नीट सांगा, माझं हृदय थांबेल. पूर्ण देते? आत्ता? आत्ता, इथे? बुदे, मी तुमच्या पाया — बरं नाही पडत, नाही पडत, बसा. नाव काय लिहू? शेवटी नावं येतात पडद्यावर, बु सुकार्दी लिहू, तुमच्या साहेबांच्या नावानं? नको? मुर्तिनी. नुसतं मुर्तिनी. जाड अक्षरांत. लिहिते, माझ्या नावापेक्षा जाड लिहिते!

थांबा, पंखा बंद करते, घरघर येते त्याची. खिडकी लावते. गोधडी लावू का वर? नको, बाहेर जायचं तर जाऊ दे म्हणता, मशिदीपर्यंत. बाई गं, जाऊ दे तर जाऊ दे, बु हर्योनोंनी शिकून घ्यावं. वेळ आहे, अजून ऊन आहे भिंतीवर, पाच मिनिटांत बसवते मी, पाठवायला पाच. हा मायक्रोफोन, याच्याकडे बघू नका, तो तुम्हांला घाबरतो. आधी नाव सांगा, मग म्हणा ‘हो, माझी हरकत नाही’, आणि मग हसा, सगळं, दाबायचं नाही. कशावर हसायचं म्हणजे? कारण लागतं? साहजिक आहे, कारण लागतंच — काकडीचं पुन्हा नाही चालणार? मग — माझ्याकडे बघून? माझ्याकडे बघून काय हसायचं? नाही, सांगा ना, काय केलं मी, तोंडाला काही लागलंय का, दिवसभर आरसाच नाही बघितला — मी बोलतेय म्हणून? मी कुठे बोलतेय, मी तर तुमची वाट — बरं! बरं, गप्प बसते, हा लाल दिवा लागला, बघा, आता मी एक अक्षरही —